जुळी: पडद्यावरची आणि आपल्या घरातली

मैत्रिणींनो, बैठक संपली की गप्पा कुठं जातात ते आपल्याला ठाऊक आहे. बचत जमा झाली, वहीवर सह्या झाल्या, परतफेडीचं बोलणं झालं, की सीरियल सुरू! आणि कुठलीही सीरियल वर्ष-दोन वर्षं चालली की त्यात एक दिवस जुळी बहीण येतेच. नायिका दरीत पडते, सगळे रडतात, आणि पुढच्या आठवड्यात तश्शीच दिसणारी दुसरी हजर. तिचं कपाळ, तिचा आवाज सगळं तेच, फक्त साडी भडक आणि जीभ तिखट.

आपण हसतो, पण बघतोही. म्हणून या अंकात जरा जुळ्यांविषयी बोलू. गोष्टीत जुळी कशी असतात, खरी कशी असतात, आणि आपल्या महाड-पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांवर एखादीच्या पोटात दोन जीव आहेत असं कळलं तर तिच्या गटानं काय करायला हवं.

हिंदी सिनेमात हा खेळ फार जुना आहे. १९६७ च्या 'राम और श्याम'मध्ये दिलीपकुमार दोन होते, एक भित्रा आणि एक बेधडक. १९७२ मध्ये 'सीता और गीता' आला. हेमामालिनीची सीता काकूचा छळ मुकाट सोसते, आणि गीता रस्त्यावर डोंबाऱ्याचे खेळ करते. दोघींची अदलाबदल होते आणि गीता त्या घरात शिरून सगळ्यांना सरळ करते. १९८९ मध्ये श्रीदेवीचा 'चालबाज' साधारण त्याच वळणावर गेला. बायकांना हे सिनेमे इतके का आवडले? मला वाटतं, घरात खाली मान घालून वावरणाऱ्या प्रत्येकीला कधी ना कधी वाटलेलं असतं, की माझ्याच तोंडावळ्याची एखादी यावी आणि माझ्या वतीनं दोन शब्द सुनवावेत. जुळी बहीण हा तिथं नुसता बहाणा. सीता आणि गीता या एकाच बाईच्या दोन बाजू आहेत.

हे चित्रीकरण कसं करायचे तेही सांगते, कारण बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. जुन्या काळी कॅमेरा हलू नये असा पक्का बसवायचे, भिंगाचा अर्धा भाग झाकायचे आणि नटीला एका बाजूला उभं करून शूट करायचे. मग तीच फिल्म मागे गुंडाळायची, दुसरा अर्धा भाग झाकायचा, नटीचे कपडे बदलून तिला दुसऱ्या बाजूला उभं करायचं. पाठमोरी दिसते ती बहुधा वेगळीच बाई असते. आता हे काम कॉम्प्युटर करतो.

आपल्या आज्यांना मात्र जुळी कळायला सिनेमा लागला नाही. जात्यावर बसल्या की सीतेचा वनवास यायचा, आणि त्यात लहू-अंकुश यायचे. पुस्तकात लव-कुश, पण ओवीत लहू आणि अंकुश. घाटावर मावळ-मुळशीकडच्या बायकांकडून हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी हजारो ओव्या गोळा केल्या, त्यातही ही दोघं आहेत. रामायणातला राजवाडा, युद्ध, पुष्पक विमान यांपेक्षा ओव्यांचा जीव अडकतो तो रानातल्या बाळंतपणात. सीतेजवळ सासर नाही की माहेर नाही, पाणी तापवायला कोणी नाही, आणि पदरात लेकरं.

त्याच गोष्टीचं एक रूप असंही सांगतात, की सीतेला एकच मुलगा झाला. ती पाण्यावर जाताना बाळाला वाल्मीकींपाशी ठेवून गेली, मग चैन पडेना म्हणून गुपचूप परत येऊन त्याला घेऊन गेली. ऋषींनी पाहिलं तर पाळणा रिकामा! आता हिला काय सांगू, म्हणून त्यांनी कुश नावाच्या गवताचं बाळ केलं आणि त्यात जीव घातला. सीता परतली तेव्हा एकाचे दोन झालेले. ही गोष्ट ऐकताना सीतेकडे बघा. तिनं दोघांनाही पाजलं. एक पोटचा आणि एक गवताचा असा भेद तिनं केला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं हाच मुद्दा येणार आहे.

बाकीची जुळी भराभर सांगते. सुमित्रेचे लक्ष्मण आणि शत्रुघ्न जुळे. माद्रीचे नकुल-सहदेव जुळे, आणि त्यांना देणारे अश्विनीकुमार देवही जुळेच. कृपाचार्य आणि त्यांची बहीण कृपी जुळी, म्हणजे मुलगा-मुलगी अशी जोडी महाभारतातही आहे. आणि जरासंध? त्याच्या बापाला दोन राण्या होत्या, त्याही जुळ्या बहिणी. ऋषीनं एकच आंबा दिला, राजानं तो दोघींत अर्धा अर्धा वाटला, आणि दोघींना अर्धं अर्धं मूल झालं. पुढं जरा राक्षसिणीनं ते दोन तुकडे जोडले, म्हणून तो जरासंध.

फळ आणि जुळं यांची सांगड ही अशी जुनी. अजून आपल्याकडे पोटुशीला जोडकेळं खाऊ देत नाहीत, 'जुळं होईल' म्हणून. आणि जिला मूल होत नाही तिला कोणी तेच मुद्दाम खायला घालतं. केळफुलात दोन फळं जवळजवळ वाढून चिकटली की जोडकेळं होतं. ते पोटात गेलं की त्याचं जेवण होतं. गर्भाशयाशी त्याचं काही देणं-घेणं नाही. मिळालं तर खुशाल खा.

मग जुळी होतात कशी?

दोन रीतींनी. पहिली, आईचं एक बीज आणि बापाचं एक बीज मिळून एक गर्भ तयार होतो, आणि सुरुवातीच्या दिवसांतच त्याचे दोन भाग होऊन दोन बाळं वाढतात. ही दोघं सारखी दिसणारी. दोन्ही मुलगे, नाहीतर दोन्ही मुली. असं का होतं याचं पक्कं कारण सापडलेलं नाही, पण जगात सगळीकडे त्याचं प्रमाण जवळपास सारखंच आहे, हजार बाळंतपणांत तीन-चार.

दुसरी रीत म्हणजे त्या महिन्यात आईची दोन बीजं तयार झाली आणि दोन्ही फळली. ही दोघं म्हणजे एकाच वेळी पोटात राहिलेली साधी भावंडं. एक गोरं एक सावळं, एक मुलगा एक मुलगी, काहीही होऊ शकतं. ही प्रवृत्ती आईच्या घराण्यातून येऊ शकते. आईचं वय तिशी-पस्तिशीकडे असेल, आधी काही बाळंतपणं झालेली असतील, किंवा मूल होण्यासाठी औषधोपचार घेतले असतील, तर शक्यता वाढते. यात कुणाचा दोष नाही, आणि कुणाची फुशारकीही नाही. 'हिच्या माहेरची खोड' असं म्हणणाऱ्या सासूबाईंना एवढंच सांगा, की मुलगा की मुलगी हे तरी तुमच्या लेकाच्या बीजावरच ठरतं.

यावरून नाटकवाल्यांची एक गंमत. इंग्लंडचा शेक्सपिअर जुळ्यांचा बाप होता. १५८५ साली त्याला मुलगा आणि मुलगी अशी जुळी झाली. पुढं त्यानं जुळ्यांवर दोन नाटकं लिहिली. एकात मालकांची जोडी आणि नोकरांची जोडी अशी दोन जुळी आहेत. गुलजारांचा १९८२ चा 'अंगूर' त्यावरूनच निघाला, संजीवकुमार दोन आणि देवेन वर्मा दोन! दुसऱ्या नाटकात भाऊ-बहीण इतके सारखे दाखवलेत की बहिणीनं पुरुषाचे कपडे घातले तर कोणाला फरक कळत नाही. घरात मुलगा-मुलगी जुळी असलेल्या माणसाला हे होत नाही हे नक्कीच माहीत असणार. पण नाटकाला ते हवं होतं. त्याच्या घरात मात्र वेगळंच घडलं. जुळ्यांतला मुलगा अकरा वर्षांचा असताना, १५९६ मध्ये वारला आणि मुलगी मागे राहिली.

केरळात मलप्पुरम जिल्ह्यात कोडिन्ही नावाचं गाव आहे, तिथं दोनशेहून जास्त जुळ्या जोड्या आहेत. शास्त्रज्ञ येऊन नमुने घेऊन गेले, पण कारण अजून हाती लागलेलं नाही. आफ्रिकेत नायजेरियातल्या योरुबा लोकांत जुळी सगळ्यात जास्त होतात. तिथं पहिल्या जुळ्याला तैवो आणि दुसऱ्याला केहिंदे अशी ठरलेली नावं असतात. आणि तिथं मागून आलेला थोरला! त्यानं धाकट्याला पुढं पाठवलं, 'जा, जग कसं आहे चाखून बघ' म्हणून. आपल्याकडेही काही घरांत मागून जन्मलेल्याला थोरला मानतात. कणगीत आधी भरलेलं भात शेवटी निघतं, तसा त्यांचा हिशोब. मानायला हरकत नाही, पण कागदावर आधी जन्मलेला तोच थोरला. (आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जुळ्यांना 'जावळी' शब्द येतो. त्याचा आंबेनळी घाट चढून पलीकडं लागणाऱ्या जावळीशी संबंध लावू नका, भांडण होईल.)

एका गोष्टीत सिनेमा पार खोटा. १९९७ च्या 'जुडवा'त एका सलमान खानला मार बसला की दुसऱ्याला कळ येते. असं होत नाही. सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा वेगळे असतात, कारण ठसे पोटातच, ज्याच्या त्याच्या जागेप्रमाणे उमटतात. डोळ्यांतल्या बुबुळांची नक्षीही वेगळी. म्हणून आधारला जुळ्यांची अडचण येत नाही. बँकमित्राच्या यंत्रावर बहिणीच्या नावावरचे पैसे दुसरीच्या अंगठ्यानं निघत नाहीत. मोबाईलचं चेहऱ्यानं उघडणारं कुलूप मात्र जुळ्यांना फसू शकतं, एवढं ध्यानात ठेवा.

जे गोष्टीत सांगत नाहीत

सिनेमात जुळी थेट पाळण्यातच दिसतात. त्याआधीचे आठ-नऊ महिने कुणी दाखवत नाही. आपल्याला बोलायचंय ते त्याविषयी.

जुळ्यांची गर्भार बाई ही जोखमीची गर्भार बाई. घाबरवण्यासाठी सांगत नाही. बहुतेक जणी सुखरूप बाळंत होतात. पण रक्त कमी होणं, रक्तदाब वाढणं, दिवस भरायच्या आत कळा येणं आणि बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव होणं, हे चारही धोके तिला एका बाळाच्या आईपेक्षा जास्त असतात. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आतच जन्मतात. 'अजून महिना आहे' असं म्हणून आवणीला गेलेल्या बाईला बांधावर कळा येतात त्या अशा.

म्हणून जुळी आहेत हे लवकर कळणं महत्त्वाचं. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफी झाली तर नुसतं 'दोन आहेत' एवढंच कळत नाही, दोघांची वार एक आहे की वेगवेगळी तेही कळतं. वार एकच असेल तर एका बाळाकडं रक्त जास्त आणि दुसऱ्याकडं कमी असं होऊ शकतं, आणि तपासण्या जास्त वेळा कराव्या लागतात. डॉक्टरांना हा प्रश्न विचारा: 'वार एक आहे की दोन?' मुलगा की मुलगी हे विचारू नका, तो १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण वारेचा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, ती चुकवू नका. लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियम डॉक्टर सांगतील तेवढं, आणि जेवण रोजच्यापेक्षा जास्त. आपल्याकडं अजून 'जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि अडेल' असं सांगणाऱ्या आहेत. जुळ्यांच्या आईला हा सल्ला म्हणजे दोघांच्या तोंडचा घास काढणं. नाचणी, कुळीथ, अंडी, सुकी मासळी, शेवग्याचा पाला, हे सगळं आपल्याच घरात आहे.

आता आपला भूगोल. कुडपण, उमरठ, साखर, किंवा इकडं वाळण, विन्हेरे अशा गावांतून रात्री गाडी मिळणं आणि ती दवाखान्यात पोचणं याला किती वेळ लागतो ते तुम्हीच सांगा. जुलै महिना असेल तर रस्ता आहे की नाही तेही सांगा! २२ जुलै २०२१ ची रात्र आपण कोणीच विसरलेलो नाही. तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी इथं दरडी आल्या आणि महाडात सावित्रीचं पाणी शिरलं. त्या रात्री एखादीला अवेळी कळा आल्या असत्या तर?

म्हणून जुळ्यांचे दिवस पावसाळ्यात भरत असतील तर सातव्या महिन्यानंतर तिनं खाली, दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडं येऊन राहावं. महाड आणि पोलादपूरला ग्रामीण रुग्णालयं आहेत, माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण जुळ्यांसाठी आधीच विचारून ठेवा: रक्त मिळेल का, भूलतज्ज्ञ असतात का, कमी वजनाच्या बाळांसाठी नवजात अतिदक्षता कक्ष कुठं आहे. इथं नसेल तर कुठं पाठवतील, हे कळा सुरू झाल्यावर नाही, आधी कळायला हवं. मुंबईला जाणार असाल तरी माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद बरोबर हवेतच. गरोदर बाईसाठी १०२ आणि तातडीसाठी १०८, हे दोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

लवकर पोचण्याचं आणखी एक कारण आहे, ते फार कमी जणींना माहीत असतं. दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला एक इंजेक्शन देतात, त्यानं पोटातल्या बाळांची फुप्फुसं तयार व्हायला मदत होते. ते बाळ जन्मायच्या आधी द्यावं लागतं, आणि काम करायला त्याला वेळ लागतो. 'अजून थोडं बघू' करत तीन तास घरी काढले, तर ते तीन तास बाळांच्या श्वासातून जातात. पोट दुखून दुखून थांबतंय, पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, तोंड-हात सुजलेत, बाळांची हालचाल मंदावलीय, यातलं एकही झालं तर निघायचं.

गाडीभाड्याला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. ग्रामसंघाकडं व्हीआरएफ, म्हणजे जोखीम प्रवणता निधी, असतो तो कशासाठी? जुळ्यांची गर्भार बाई आपल्या गावात आहे असं कळलं की पुढच्याच बैठकीत ठराव घेऊन ठेवावा, म्हणजे रात्री दोन वाजता अध्यक्षताईंना सही कुठं करू असं विचारावं लागणार नाही. तिच्या रक्तगटाची दोन माणसंही हेरून ठेवा.

दोन लहान जीव

जुळी बहुधा वजनानं कमी असतात. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं, आणि त्याला पहिला धोका थंडीचा. आपल्याकडं बाळ जन्मलं की अंघोळ घालायची घाई फार. या बाळांना ती घाई नको. डॉक्टर-आशाताई सांगतील तेव्हाच अंघोळ. बाळाला उघडं आपल्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधायचं, वरून कपडा घ्यायचा. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी ती सुरू केली, कारण त्यांच्याकडं काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आज जगभर ती वापरतात. जुळ्यांसाठी ती सोयीची आहे, कारण एक आईच्या छातीशी आणि दुसरं बापाच्या किंवा आजीच्या. हो, बापाच्या. त्याची छातीही तेवढीच ऊबदार असते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ऊब, आईचं दूध, जंतुसंसर्ग ओळखणं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्याचं मूळ त्या कामात आहे. त्या आल्या की दोन्ही बाळांचं वजन, दोन्ही बाळांचा ताप बघायला सांगा. 'हे बरं आहे, त्याला झोपू द्या' असं नको.

दुधाचं म्हणाल तर 'दोघांना कसं पुरणार' हा प्रश्न पहिल्या दिवसापासून सगळ्या विचारतात आणि त्या विचारण्यानंच आई खचते. दूध ओढण्यानं वाढतं. दोघं ओढणारी असतील तर दोघांचं येतं. खरी अडचण वेळेची आहे. एक बाळ दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा पितं. दोघांच्या मिळून सोळा ते चोवीस वेळा झाल्या. एका वेळेला वीस मिनिटं धरली तर पाच ते आठ तास नुसतं पाजण्यात जातात! ही पूर्ण दिवसाची मजुरी झाली, तीही रात्रपाळी धरून. अशा बाईनं पाणी भरावं, भाकऱ्या थापाव्यात आणि गोठाही बघावा, असं कुठल्या घराला वाटत असेल तर त्या घरात गटातल्या दोघींनी जाऊन बसावं. सहा महिने वरचं काही नको, घुट्टी नको, मध नको. बाळाला ओढायची ताकद नसेल तर दूध काढून वाटी-चमच्यानं पाजायचं. दोघांना एकदम पाजताना एकेकाला काखेत, पाय मागं करून धरलं की हात मोकळे राहतात. आशाताई दाखवतील.

सारखी दिसणारी असतील तर पायात वेगळ्या रंगाचा दोरा सैल बांधा, किंवा एकाच्या पायाच्या नखाला रंग लावा. हसू नका. लसीच्या दिवशी घाईत एकालाच दोनदा डोस आणि दुसरं कोरडं, असा घोळ होऊ शकतो. कार्डं दोन, वजनाचे आलेख दोन, अंगणवाडीत नावं दोन.

आता गवताच्या बाळाकडं परत येते. जुळ्यांत बहुधा एक थोडं थोराड असतं आणि एक किरकोळ. घरातले सगळे थोराडाला घेऊन फिरतात. किरकोळ रडतं कमी, म्हणून त्याला पाजणं मागं पडतं, आणि ते आणखी किरकोळ होतं. त्यात मुलगा-मुलगी अशी जोडी असली आणि मुलगी किरकोळ असली, तर पुढचं मी लिहायला नको. दोघं एकाच घरात, एकाच दिवशी जन्मलेली. तरी सहा महिन्यांनी एकाच्या गालावर खळी आणि दुसरीच्या बरगड्या दिसत असतील, तर कारण जन्मात नाही, वाटपात आहे. अंगणवाडीताईंना दोघांचे आलेख शेजारी ठेवून बघायला सांगा.

मोठी झाल्यावर तुलना सुरू होते. 'ही हुशार, ती कामाची.' एकदा असं नाव पडलं की पोरी तशाच वागायला लागतात. १९६८ च्या 'दो कलियाँ'त जुळ्या बहिणी एकमेकींच्या जागी जाऊन तुटलेले आई-बाप जोडतात. मूळ गोष्ट जर्मनीतल्या मुलांच्या पुस्तकातली, तिथून ती देशोदेशी सिनेमात गेली. गोड आहे. पण खऱ्या जुळ्या मुलींना सारखे कपडे, सारखी रिबीन आणि 'तुमच्यातली कोणती गं तू' हा प्रश्न आयुष्यभर पुरतो. त्यांना नावानं हाक मारा.

कधी कधी तर दोघींचं लग्नही एकाच मांडवात, एकाच घरात लावून द्यायची हौस असते. दोन भावांशी असेल तर ज्यांची त्यांची खुशी. पण डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूर जिल्ह्यात अकलूजला दोन जुळ्या बहिणींचं एकाच तरुणाशी लग्न लागलं, तो व्हिडिओ आपल्याही मोबाईलवर आला असेल. पोलिसांत तक्रार झाली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं एक बायको असताना दुसरं लग्न कायदेशीर ठरत नाही. दोघी राजी असल्या तरी नाही. उद्या काही झालं तर दोघींतल्या एकीला पत्नी म्हणून हक्क सांगता येणार नाही, आणि ती कोणती हे कोर्टात ठरवत बसावं लागेल.

कागदाचं काम

दोघांचे जन्म २१ दिवसांत नोंदवायचे, दाखले वेगवेगळे घ्यायचे. 'जुळं' म्हणून एकाच दाखल्यावर भागत नाही. जन्मवेळ लिहिलीय का तेही बघा.

लेक लाडकी योजना १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी आहे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. जन्मानंतर ५०००, पहिलीत ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००, असे मिळून १,०१,००० रुपये टप्प्याटप्प्यानं मिळतात. दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली तर त्यातल्या एका मुलीला, किंवा दोन्ही मुली असतील तर दोघींनाही लाभ आहे. फक्त त्यानंतर आई किंवा बापानं कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया केलेली असली पाहिजे. 'किंवा बापानं' हे शब्द योजनेतच आहेत, तेवढे घरात मोठ्यानं वाचून दाखवा. मातृवंदना योजनेतही दुसऱ्या वेळी जुळी झाली आणि त्यात मुलगी असली तर तिच्यासाठीचे ६००० रुपये मिळतात.

शेवटचं, पंचायतीला उभं राहायची इच्छा असलेल्या ताईंसाठी. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झाली तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण पहिलं एक मूल आणि दुसऱ्या बाळंतपणात जुळी, अशी तीन मुलं असलेल्या बाईलाही गावातले पुढारी 'तुला नाही उभं राहता येत' असं बिनदिक्कत सांगतात. हे चूक आहे. ग्रामपंचायत कायद्यातच स्पष्टीकरण दिलेलं आहे, की एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली तरी ती एक धरायची. उलट झालं असेल, म्हणजे आधी जुळी आणि मग तिसरं, तर या स्पष्टीकरणाचा आधार मिळत नाही. अर्ज भरताना तिन्ही मुलांचे जन्मदाखले जोडा. जुळ्यांतलं एक रात्री बाराच्या आधी आणि दुसरं बारानंतर जन्मलं असेल तर दोन दाखल्यांवर दोन तारखा येतात आणि कोणीतरी हरकत घेतो. अशा वेळी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड कामाला येतं. त्यावर बाळंतपण एकच नोंदलेलं असतं. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पुराच्या पाण्यापासून उंच ठेवा.